पहाऱ्यावरच्या माणसाचं घर

१९६७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यालगत, रॉकपोर्ट गावासमोरच्या थॅचर बेटावर एक कुटुंब गुपचूप आणून ठेवलं गेलं. बेट खडकाळ, चिमुकलं, दोन उंच दीपगृहांचं. कुटुंबाचा कर्ता जोसेफ बार्बोझा हा बॉस्टनच्या टोळ्यांमधला मारेकरी होता आणि लोक त्याला ‘द ॲनिमल’ म्हणत. बरोबर बायको आणि लहान मुलगी. न्यू इंग्लंडमधल्या माफियाचा म्होरक्या रेमंड पॅट्रिआर्का याच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायला बार्बोझा तयार झाला होता, आणि तो कोर्टापर्यंत जिवंत पोचू नये अशी बऱ्याच जणांची इच्छा होती.

पहाऱ्याची जबाबदारी जॉन पार्टिंग्टन या ऱ्होड आयलंडच्या डेप्युटी मार्शलकडे आली. मार्शल म्हणजे आपल्याकडच्या कोर्ट-पोलिसांसारखं खातं: समन्स बजावायचं, फरारी धरायचे, कैदी कोर्टात हजर करायचे. साक्षीदाराचा संसार सांभाळणं त्या कामात कुठेच बसत नव्हतं. नियमावली नव्हती, वेगळा निधी नव्हता. बेटावर दूध कोण आणणार, मुलीला ताप आला तर डॉक्टरला काय सांगायचं, नवराबायकोचं भांडण विकोपाला गेलं तर बंदूकवाल्याने मध्ये पडायचं की पाठ फिरवायची, हे सगळं जागच्या जागी ठरवावं लागलं. एका मारेकऱ्याच्या मुलीचा दिनक्रम काही सरकारी माणसं रोज आखत होती, आणि त्याच वेळी त्यांची स्वतःची पोरं समुद्राच्या अलीकडे, बाप कुठे आहे हे ठाऊक नसताना, शाळेत जात होती.

साक्षीदार-संरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या गाड्या येतात, गोळीबार येतो. सिनेमाने ती सवय लावली आहे. कामाचं खरं स्वरूप बरंचसं घरगुती आहे. माणूस लपवणं त्या मानाने सोपं. लपवायचा असतो संसार. आणि दुसऱ्याचा संसार लपवणाऱ्याला स्वतःचा संसारही अर्धा झाकूनच ठेवावा लागतो. या धंद्यात घरं मोडतात ती शत्रूच्या गोळीने कमी आणि कामाच्या रीतीने जास्त, असं माझं मत बनलं आहे. आणि ही मोडतोड कुठल्याच अहवालात येत नाही, हे त्याहून वाईट.

ही रीत बसवणारा माणूस वकील होता. जेराल्ड शूर. १९६१ मध्ये तो अमेरिकेच्या न्याय खात्यात, संघटित गुन्हेगारीच्या विभागात लागला. रॉबर्ट केनेडी तेव्हा खात्याचे प्रमुख होते. एकामागून एक साक्षीदार त्याच्यासमोर बसून एकच गोष्ट सांगायचे: बोलतो, पण नंतर माझ्या बायकोमुलांचं काय? १९६३ मध्ये जो व्हॅलाचीने सिनेटच्या समितीपुढे माफियाची सारी रचना उघडी केली तेव्हा त्याच्याभोवती मार्शलांचं कडं होतं, पण व्हॅलाची कैदी होता, आणि कैद्याला घर नसतं. घर असलेल्या साक्षीदाराचं काय करायचं, याचा विचार शूरने केला. १९७० च्या संघटित गुन्हेगारी कायद्यात त्याला आधार मिळाला आणि पुढच्या वर्षापासून योजना रीतसर सुरू झाली. आजवर साक्षीदार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून एकोणीस हजारांवर माणसं तिच्यातून गेली. नियम पाळणारा एकही जण मारला गेला नाही, असं मार्शल सेवा अभिमानाने सांगते. बार्बोझा संरक्षणाबाहेर पडला आणि १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर मारला गेला.

शूरचे नियम वाचताना त्याची बारीक नजर दिसते. आडनाव बदला, पण पहिलं नाव किंवा निदान आद्याक्षरं तीच राहू द्या, असा त्याचा सल्ला. मागून कुणी जुन्या नावाने हाक मारली तर मान वळतेच. सही करताना हात जुन्याच वळणाने पहिलं अक्षर काढतो. कागदपत्रं खरी द्यायची, सरकारी शिक्क्याची. महिन्याचा खर्च ठरावीक मुदतीपुरता. नोकरी शोधायला एकदा मदत. पुढचं तुझं तू पाहा. आजीला फोन नाही. पत्र मार्शलांच्या हातून जाणार, भेट झालीच तर तिसऱ्याच गावात. पुढे वॉशिंग्टन परिसरात या कुटुंबांसाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. तिथे त्यांना काळ्या काचांच्या गाडीतून नेतात, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हे त्यांनाही कळू नये. तिथे बसून सात-आठ वर्षांचं पोर आपलं नवं आडनाव घोकतं. ते घोकून घेणारा अधिकारी संध्याकाळी घरी जातो, आणि आज काय केलंस या बायकोच्या प्रश्नाला खरं उत्तर देऊ शकत नाही.

बार्बोझाच्या प्रकरणाची दुसरी बाजू इथेच सांगितली पाहिजे, नाही तर ही गोष्ट फारच शूरवीरांची होईल. १९६८ मध्ये त्याने एका खुनाच्या खटल्यात साक्ष दिली. ती खोटी होती. तिच्यावरून चार निरपराध माणसांना शिक्षा झाल्या. दोघे तुरुंगातच वारले, उरलेल्या दोघांचं निर्दोषत्व २००१ मध्ये मान्य झालं. २००७ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने सरकारला त्या कुटुंबांना दहा कोटी डॉलरांहून जास्त भरपाई द्यायला लावली. साक्ष खोटी आहे याची एफबीआयला कल्पना होती, हे तिथे सिद्ध झालं. कुणाला जपायचं ही निवड पहाऱ्यावरच्या माणसाला नसते. साक्ष खरी की खोटी हे वकिलांनी आणि ज्यूरीने पाहायचं. त्याने फक्त माणूस जिवंत पोचवायचा. सहा-सहा महिने घराकडे पाठ करून ज्याला जपलं त्याने चार घरं उद्ध्वस्त केली, हे नंतर कधीतरी पेपरात वाचायचं आणि गप्प बसायचं.

त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट बफेलो शहरातली. टॉम लिओनहार्ड नावाच्या माणसाचा घटस्फोट झाला होता आणि मुलं आईकडे होती. आईने दुसरं लग्न केलं ते स्थानिक टोळीतल्या पॅस्कल कॅलाब्रीसशी. १९६७ मध्ये कॅलाब्रीस साक्षीदार झाला आणि सरकारने एका रात्रीत सगळं बिऱ्हाड हलवलं. लिओनहार्ड ठरल्याप्रमाणे मुलांना भेटायला गेला तर घर रिकामं. शेजाऱ्यांना माहीत नाही, पोलीस बोलत नाहीत. मुलांचा कायदेशीर बाप हा, आणि त्याचीच मुलं सरकारने त्याच्यापासून लपवलेली. तो कोर्टात गेला, कोर्टाने पत्ता उघड करायला नकार दिला. भेट व्हायला आठ वर्षं लागली. या प्रकरणावर १९७६ मध्ये पुस्तक आलं, १९८० मध्ये जेम्स कानने सिनेमा काढला आणि नायकाचं काम स्वतः केलं. भरपाईचा दावा मात्र त्याच वर्षी अपिलात फेटाळला गेला. १९८४ मध्ये योजनेचा कायदा सुधारला तेव्हा, मुलांचा ताबा नसलेल्या पालकाच्या हक्कांसाठी त्यात खास तरतूद आली. एका बापाच्या तळतळाटाने कायद्यात चार कलमं वाढली. ज्या अधिकाऱ्याने ती मुलं गाडीत बसवली असतील त्यालाही मुलं असावीत. त्याचं कुठे काही छापून आलेलं नाही.

आणि मग पाळी खुद्द शूरवर आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलंबियातल्या अमली पदार्थांच्या टोळीकडून त्याला आणि त्याच्या पत्नीला धोका असल्याची खबर लागली. वर्षानुवर्षं लोकांना घर सोडायला लावणाऱ्या माणसाने स्वतःचं घर सोडलं. पत्नी मिरियमसह खोट्या नावाने राहिला. शेजाऱ्याशी गप्पा मारताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं, कोण कुठले विचारलं की ठरवलेलं उत्तर द्यायचं, हे आता नवराबायकोला स्वतः करावं लागलं. इतरांसाठी जी यादी त्याने टेबलावर बसून लिहिली होती, तिचा जाच कसा असतो ते त्याला तेव्हा समजलं. शूर २०२० मध्ये वारला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या समाजात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आहे, आणि साक्षीदार ती म्हण मोडणारा पहिला वेडा असतो. तारखेला जायचं, रोजंदारी बुडवायची, आरोपीच्या भावकीसमोरून चालत वर जायचं, आणि तारीख पडली की तेच पुन्हा. गुजरातेतल्या दंगलीच्या बेस्ट बेकरी खटल्यात २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले तेव्हा साक्षीदार फितूर होण्याचा प्रश्न देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला नव्याने चालवायला मुंबईत पाठवला. माझगावच्या कोर्टात २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. पण मुख्य साक्षीदार झाहिरा शेख तिथेही फिरली, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिलाच वर्षाची कैद झाली. सोहराबुद्दीन शेखच्या चकमकीचं प्रकरणही मुंबईत चाललं. तिथे २१० साक्षीदार तपासले गेले, ९२ फितूर झाले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये सगळे आरोपी सुटले. त्या ब्याण्णवपैकी कोण घाबरला, कोण विकला गेला आणि कुणाचा मूळ जबाबच पोलिसांनी मनाने लिहिला होता, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

त्याच महिन्यात, ५ डिसेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला यांच्या याचिकेवर निकाल देऊन साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. चावला हे आसारामबापूवरच्या बलात्काराच्या प्रकरणातले साक्षीदार. त्या प्रकरणांतले तीन साक्षीदार २०१४ आणि २०१५ मध्ये मारले गेले. चावलांवर पानिपतजवळच्या त्यांच्या गावात गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. महाराष्ट्राने आपला कायदा २०१७ सालचा म्हणून आधीच केला होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक केलं आहे.

योजना कागदावर चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. साक्षीदाराने अर्ज करायचा. जिल्हा न्यायाधीश, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख यांची समिती निर्णय देते. त्याआधी त्या विभागाच्या उपअधीक्षकाने किंवा सहायक आयुक्ताने कामकाजाच्या पाच दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. धोका अ, ब की क वर्गातला ते ठरवायचं. फोन नंबर बदलणं, घराला अलार्म, गस्त, सरकारी गाडीतून कोर्टात ने-आण, बंद दाराआड सुनावणी, गरज पडली तर स्थलांतर आणि थेट नवी ओळख, एवढं सगळं तिच्यात आहे. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरतं. खर्चासाठी निधी, आणि त्या निधीत देणग्या आणि कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसाही चालतो. एखाद्या सिमेंट कंपनीच्या वार्षिक अहवालात वृक्षारोपणाखाली ‘एक साक्षीदार जिवंत ठेवला’ अशी ओळ यायची तेवढी बाकी आहे.

नव्या ओळखीचं कलम वाचून मात्र हसू येतं. अमेरिकेत आडनाव बदलून माणूस दोन हजार मैलांवर नव्या गावात मिसळून जातो. आपल्याकडे नाव लिहायचं म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. ओळख बदलायची तर मधला बापही बदलावा लागतो. शेजारी राहायला आलेल्याला पहिला प्रश्न ‘आडनाव काय’, दुसरा ‘गाव कोणतं’, आणि गाव सांगितलं की तिसरा ‘मग तिथल्या अमक्यांचे कोण तुम्ही?’ दोन चहांत माणसाची भावकी, मामाचं गाव आणि सोयरीक बाहेर येते. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर संपलंच. स्थळवाले माग काढण्यात गुन्हे शाखेला हरवतील. शिवाय लग्नाला, बाराव्याला, जत्रेला न जाणारा माणूस आपल्याकडे लपलेला म्हणून राहत नाही, चर्चेचा विषय होतो. म्हणून इथे संरक्षण बहुतेक वेळा एकाच रूपात उतरतं: साक्षीदाराच्या दारात एक बंदूकधारी शिपाई.

हा शिपाई कोण असतो? मुंबईत तो बहुधा पोलीस लाईनीत नाही तर बदलापूर-विरारकडे राहणारा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींमध्ये पोलिसांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या १६० चौरस फुटांत राहिली. आता तिथे टॉवर येत आहेत. चाळीत कुणाचा नवरा किती वाजता आला हे सगळ्या मजल्याला कळतं. गणवेशातला माणूस बंदोबस्तावर गेला तर तो कुठे आहे ते टीव्हीवरही दिसतं: गणपती विसर्जन, क्रिकेटचा सामना, मोर्चा. साध्या कपड्यातला अंगरक्षक कुणाबरोबर आहे हे तो घरी सांगत नाही, आणि न सांगणाऱ्या नवऱ्याबद्दल घर काय समजतं ते वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये आयुक्त दत्ता पडसलगीकरांच्या काळात देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा पोलिसांच्या घरांत खरोखर आनंद झाला होता. अंगरक्षकाचं काम आठ तासांच्या चौकटीत बसवणं कठीण. धनी जेवायला बसला तर हा दारात. धनी रात्री दोनला निघाला तर हाही निघाला. साक्षीदार गरीब असेल तर आणखी अवघड. एका खोलीच्या घरात शिपायाला बसायला कुठे जागा करायची, चहा किती वेळा विचारायचा, आणि घरच्या बायकांनी दिवसभर परक्या पुरुषासमोर कसं वावरायचं? दोन्हीकडची घरं आखडून जातात.

कोर्टाच्या आवारात कुठल्याही दिवशी जा. बाकावर साक्षीदार आणि त्याच्यावर नेमलेला माणूस ओळखू येतात. साक्षीदार पायाकडे बघतो, माणूस जिन्याकडे. शर्ट पँटीवर सोडलेला, उजव्या बाजूला किंचित फुगलेला. फोन वाजला की तो कट करतो, परत वाजला की हात तोंडाशी नेऊन एक-दोन शब्द बोलतो आणि पुन्हा जिन्याकडे. पलीकडे बहुतेक वेळा शाळेच्या फीची नाही तर आईच्या औषधाची गोष्ट असते. साक्षीदाराचा पुकारा झाला की हा माणूसही उठतो, दारापर्यंत जातो, आणि आत काय चाललं आहे याकडे कान न देता बाहेरच्या गर्दीत चेहरे बघत उभा राहतो. योजनेत साक्षीदाराच्या कुटुंबाचा उल्लेख ठिकठिकाणी आहे. या माणसाच्या कुटुंबाचा एकदाही नाही.

मुंबईने या विषयातला सगळ्यात कडू प्रसंग योजना येण्याच्या कितीतरी आधी पाहिला. २००२ मध्ये रवींद्र पाटील हा मुंबई पोलिसांतला शिपाई अभिनेता सलमान खानचा अंगरक्षक म्हणून नेमलेला होता. २८ सप्टेंबरच्या पहाटे वांद्र्यात हिल रोडवरच्या अमेरिकन एक्स्प्रेस बेकरीजवळ गाडी पदपथावर झोपलेल्यांवर चढली. एक जण मेला, चौघे जखमी झाले. पाटील त्या गाडीत होता. फिर्याद त्यानेच दिली. एका रात्रीत तो पहारेकऱ्याचा साक्षीदार झाला, तेही ज्याला जपायचं त्याच्याच विरुद्ध.

पुढे त्याने मॅजिस्ट्रेटसमोर साक्ष दिली. मग तारखांना तो हजर राहीना. का, यावर बरंच बोललं गेलं. कोर्टात त्यातलं काही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मीही पुढे जात नाही. जे कागदावर आहे ते पुरेसं आहे. २००६ मध्ये त्याच्या नावे वॉरंट निघालं, त्याला अटक झाली, आणि साक्षीदार आर्थर रोड तुरुंगात गेला. नोकरी गेली. घराशीही फाटलं, अशा बातम्या तेव्हा आल्या. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये शिवडीच्या रुग्णालयात क्षयाने तो वारला.

मेलेल्या माणसाचा जबाब त्यानंतरही कोर्टात हिंडत राहिला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने तो मानला आणि सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पाटीलची साक्ष पूर्णपणे अविश्वसनीय, असं न्यायालय म्हणालं. दारूचा उल्लेख त्याच्या पहिल्या फिर्यादीत नव्हता, नंतरच्या जबाबात आला, यावर निकालात बराच भर होता. कायद्याच्या दृष्टीने तो मुद्दा रास्तच आहे. पण या विसंगतीचा खुलासा ज्याने करायचा तो आठ वर्षांपूर्वी शिवडीला संपला होता.

२०१८ ची योजना तेव्हा असती तर त्याला तिचा उपयोग झाला असता का, हे मी कलमं लावून पाहिलं. साक्षीदाराच्या व्याख्येत पोलीस बसतो, त्याला आडकाठी नाही. अडचण पुढे आहे. ही योजना सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू होते, शिवाय विनयभंगासारख्या काही ठरावीक कलमांना. पाटीलला वॉरंट निघालं त्या काळात खटला मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात होता, कलम ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. सदोष मनुष्यवधाचं कलम पुन्हा लागलं ते त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी. त्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर परत आला असता. आणि समजा कलम बसलं असतं, तरी त्याला धोका किती आहे याचा अहवाल लिहिणारा सहायक आयुक्त असता त्याच्याच खात्याचा. ज्या खात्याच्या हजेरीपटावर तोवर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागलेलं होतं.